लाल गाडीचं प्लॅस्टिक

घाणेरडे वास मी आयुष्यात पुष्कळ घेतले आहेत, पण माझ्या लाडक्या गाडीच्या मागच्या सीटवर जो तयार झाला, त्याच्यापुढे बाकीचे सगळे अत्तराच्या दुकानातले. आणि तो मी स्वतः, मंत्र म्हणवून घेऊन तयार केला होता.

कोरोनाच्या पहिल्या वर्षी, रॉटरडॅमजवळच्या कापेल गावातल्या घरात बसून लॅपटॉपकडे बघून बघून डोकं फिरलं तेव्हा मी ती गाडी घेतली. साठच्या दशकातली, लालभडक अमेरिकन स्पोर्ट्स कार, वर उघडमिट होणारा कापडी टप. रॉटरडॅमच्या एका म्हाताऱ्या मेकॅनिकने ती नटबोल्टापर्यंत सुटी करून पुन्हा उभी केली होती. बाहेरून आजोबा, आतून नातू. नवं इंजिन, पॉवर स्टिअरिंग, बटणावर चालणारा टप आणि मागच्यासकट सगळ्या सीटा गरम करायची सोय. सीटांच्या नव्या कातड्यावर त्याने प्लॅस्टिक चढवलं होतं. घरी नेल्याबरोबर ते काढा, इथल्या दमट हवेत कातड्याला बुरशी धरते, असं त्याने मला दोनदा बजावलं. मी मान डोलावली. पण आमच्या घरात रिमोटवरचं प्लॅस्टिक रिमोट बंद पडला तरी निघत नाही. कातड्यावरचं कोण काढतो?

गाडीची पूजा झाली ती पुण्याच्या गुरुजींकडून, व्हिडिओ कॉलवर. बॉनेटला हळदकुंकू, चाकांखाली लिंबं, आणि नैवेद्याच्या पंचामृताची वाटी मी मागच्या सीटवर ठेवली. बायको फोन धरून समोर उभी. गुरुजींनी गाडी लिंबांवरून पुढे घ्यायला सांगितली. म्हातारी गाडी म्हणून मी जरा जोरात पाय दाबला आणि त्या नव्या इंजिनाने अशी उडी घेतली की बायको बाजूच्या कुंपणात गेली. मागे वाटी उपडी. पंचामृत प्लॅस्टिकच्या शिवणीतून आत जाताना मी डोळ्यांनी पाहिलं. वरवर रुमाल फिरवला, आणि बायकोला सांगितलं की गाडीने प्रसाद घेतला. तिला ते भक्तीचं बोलणं वाटलं. मग हिवाळ्यात लॉकडाउन कडक झाला आणि गाडी तीन महिने गॅरेजात बंद राहिली.

त्याच हिवाळ्यात लायडनला शिकणाऱ्या आमच्या मुलीला कोरोना झाला. ताप उतरला, खोकला गेला, वास मात्र परत आला नाही. दोन महिने झाले तरी नाही. अन्न पुठ्ठ्यासारखं लागतं म्हणून ती खाईना. व्हिडिओवर तिची गालफडं बसलेली दिसायला लागली. डॉक्टरांनी सांगितलं, थांबा, येईल, नाहीही येणार. तो दुसरा भाग तिने आम्हाला सांगितला तेव्हा ती कॅमेऱ्याकडे बघत नव्हती.

बायकोने सुक्या बोंबलाची चटणी केली. हिने नाक जागं झालं नाही तर कशानेच होणार नाही, असं तिचं म्हणणं. उघड्या गाडीत विषाणू टिकत नाही, असं माझं. पहिल्या कोरड्या रविवारी आम्ही मास्क लावून, टप उघडून लायडनला निघालो. वाटेत मला मधूनच कसला तरी आंबूस भपका आला. मी डब्याकडे बोट दाखवलं. बायको दुखावली.

पोरगी दारात आली. आईने लांबूनच डबा उघडून पुढे केला. तिने मास्क खाली केला, डब्यावर वाकून डोळे मिटून तीन वेळा श्वास ओढला आणि नुसती मान हलवली. बायकोने झाकण लावलं.

तेवढ्यात पाऊस. तिला मागे बसवलं, बटण दाबून टप मिटवला आणि काहीतरी बोलायला हवं म्हणून मी सीट गरम करायचं बटणही दाबून दाखवलं. दोनेक मिनिटं मी त्या सोयीचं वर्णन करत होतो. मग मागून जे उठलं! कुजलेलं दही, जळकं तूप, ओला कुत्रा आणि त्यावर मधाचा गोडवा. मी मास्कवरूनच नाक दाबलं. बायकोने दार उघडून डोकं बाहेर काढलं.

एरवी आमच्याशी इंग्रजीत बोलणारी पोरगी मागून म्हणाली, "शी! बाबा, काय मेलंय इथे?"

आम्ही दोघेही वळलो. ती नाक धरून बसली होती. मग तिने हात काढला, पुन्हा वास घेतला, आणि पुन्हा "शी" म्हणाली, या वेळी रडत.

मी प्लॅस्टिक टराटरा फाडलं. खाली हिरवी-काळी लव, तिच्यात पिवळा, तारा सुटलेला चिकटा. बघवत नव्हतं. पोरगी त्यावर वाकून फुलासारखा वास घेत होती. ते तर अजिबातच बघवत नव्हतं.

बायको शांतपणे म्हणाली, "अहो, हे माझं पंचामृत आहे ना?"

मी हो म्हटलं. तिने मला काय काय म्हणावं याची तयारी केलेली दिसत होती, पण पोरीने डबा मागितला. पावसात, फुटपाथवर उभ्या उभ्या तिने बोटाने चटणी खाल्ली. निम्मा डबा संपल्यावर म्हणाली, "आई, मीठ जास्त झालंय."

मिठावरून बोललेलं माझ्या बायकोला आजवर कधी खपलेलं नाही. त्या दिवशी तिने फक्त डबा आणखी पुढे केला.