डोंगरावरचं टाकं आणि मी दिलेला शब्द

दोन हजार तेवीस साल. माझं वय तेव्हा एकाहत्तर. आधार कार्डावर अडुसष्ट लिहिलंय, ती लिहिणाऱ्याची मर्जी. शाळा तिसरीपस्तोर. लिहायला वेळ लागतो, पण दुसऱ्याच्या हातून लिहून घेणं मला जमत नाही, म्हणून हे मीच बसून लिहून राहिलो.

एक माणूस फोनवर डोंगरांचे व्हिडिओ टाकतो. बाहेरच्या जिल्ह्यातला, चाळिशीचा, शाळेत मास्तर. जिथं कुणी जात नाही अशा टेकड्या, पडक्या बारवा, कातळातली टाकी हुडकत हिंडतो. चार वर्षं मी त्याचा एक व्हिडिओ सोडला नाही. आवडायचं कारण त्याचे फोटो नव्हते. एखादी जागा नाही सापडली तर तो तसाच घामाघूम कॅमेऱ्यापुढं उभा राहून सांगायचा की आज सापडली नाही. जे डोळ्यानं बघितलं तेवढंच दाखवायचा. आमच्याकडं असं सांगणारा माणूस मी बघितला नव्हता, आणि मी स्वतः तर तसा नव्हतोच.

औंढ्याच्या अलीकडं आमच्या गावामागं जो डोंगर आहे, त्याच्या माथ्यावर कातळात कोरलेलं पाण्याचं टाकं आहे. सात पायऱ्या. लहानपणी शेरडं घेऊन गेलो की तिथलंच पाणी प्यायचो. फोनमध्ये बोललं की अक्षरं उमटतात, तसं बोलून मी त्याला तीनदा कळवलं. तिसऱ्यांदा त्याचा फोन आला.

"बाबा, टाकं नक्की आहे ना? शंभर कोसावरून यायचंय मला."

"माझा शब्द हाय सर. डोळे बांधून नेतो."

तो आला दिवाळीनंतर. गवत कमरेइतकं वाळलेलं, धोतराला कुसळं चिकटायची. सकाळी सातला निघालो. सून म्हणाली, "गुडघ्याला पट्टा बांधा." मी बांधला नाही. पाव्हण्यासमोर पट्टा बांधून डोंगर चढायचा का?

व्हिडिओ काढणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. तो पुढं जाऊन तिवईवर कॅमेरा लावायचा, परत खाली यायचा, मग आम्ही दोघं गप्पा मारत कॅमेऱ्यासमोरून चढायचो, मग तो पुन्हा कॅमेरा काढून आणायचा. मी डोंगर एकदा चढत होतो, तो तीनदा. वर मधूनच म्हणायचा, "बाबा, एवढी चढण परत एकदा चढता का? ऊन चांगलं पडलंय." मी चढायचो. दुसऱ्यांदा चढताना पाय भरून यायचे. तिसऱ्यांदा म्हणाला तेव्हा मी म्हटलं, "ऊन काय पळून चाललंय का?" तो हसला आणि माझा दगडावर टेकलेला हात टिपला. खोटं कशाला बोलू, आतून बरं वाटलं.

आमच्याकडं एक रीत होती. चढणीच्या फाट्यावर दगडांचा ढीग होता. वर जाणाऱ्यानं त्यावर एक दगड ठेवायचा, म्हणजे डोंगर पाय धरत नाही. ढीग आला की उजवीकडं वळायचं, शंभर पावलांवर टाकं. ढीग दिसला. मी दगड ठेवला, त्यालाही ठेवायला लावला, त्यानं त्याचा फोटो काढला. वळलो. शंभर पावलं झाली, दोनशे झाली, टाकं नाही. घाणेरीची जाळी नुसती. थोडं वर गेलो तर दुसरा ढीग. त्याच्या पुढं तिसरा.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. मागल्या काही वर्षांत पाणी अडवायला डोंगरभर चर खणले होते. त्यातून निघालेले दगड मजुरांनी जागोजागी रचले होते. सगळा डोंगर ढिगांचा झाला होता. मी वीस-बावीस वर्षांत वर फिरकलोच नव्हतो, आणि पहिला ढीग दिसला त्याला देव समजून दगड वाहिला होता.

तेवढ्यात शेरडांच्या घंटा ऐकू आल्या. गावातलीच बाई, पन्नाशीची. तिच्या घरचं आणि आमचं बांधावरून बोलणं बंद. टोमणे तेवढे चालू.

"काय मामा, कॅमेरावाला घेऊन? सरपंचकीला उभे राहून राहिले का?"

"टाक्याकडं चाललो."

"टाक्याकडं? मग इकडं काहून आले?"

"मला वाट सांगू नको. तू लगीन होऊन गावात यायच्या आधीपासून मी हा डोंगर चढून राहिलो."

"चढा बापा, चढा. डोंगराला काय तकलीफ न्हाई."

ती पुढं गेल्यावर तो हळूच म्हणाला, "बाबा, मावशींना विचारलं असतं तर?"

"विचारायचं काय त्यात? टाकं माझ्या डोळ्यात हाय."

डोळ्यात होतंच, पायाखाली येत नव्हतं. दोन तास आम्ही त्या चरांमधून हिंडलो. बाटलीतलं पाणी संपलं. गुडघा पेटला होता. खाली लांब सिद्धेश्वर धरणाचं पाणी चमकत होतं, आणि तहानेनं मला तिकडं बघवत नव्हतं. मास्तरानं एकदाही "कुठं आहे" म्हणून विचारलं नाही. विचारलं असतं तर मी भांडलो तरी असतो.

मग एका उतारावर एक खड्डा लागला. चौकोनी, निम्मा मातीनं भरलेला. मुरूम काढायला खणलेली खदान होती ती. बघताक्षणी कळली मला. मी काठावर बसलो आणि म्हणालो, "हेच. बुजलं."

तो खाली उतरला. कडेला हात फिरवला. "छिन्नीचे घाव दिसत नाहीत, बाबा."

"झिजले असतील."

"पायऱ्या?"

"मातीखाली गेल्या."

तो उकिडवा बसून बराच वेळ बघत राहिला. मग उठला, हात झटकले. "तुम्ही म्हणता तर असेल," म्हणाला. आणि त्यानं कॅमेरा लावला. चारी बाजूंनी फोटो काढले, अगदी जीव लावून, जसे खऱ्या टाक्याचे काढतो तसे. मग कॅमेऱ्यापुढं उभा राहून सांगितलं, "मला स्वतःला इथं खुणा दिसत नाहीत. पण हे बाबा लहानपणापासून या डोंगरावर आहेत. त्यांच्या शब्दावर मी हे टाकं तुम्हाला दाखवतोय."

दुसऱ्याच्या शब्दावर त्यानं कधी काही दाखवलं नव्हतं. चार वर्षांत पहिल्यांदा, तेही माझ्यासाठी. मी तोंड उघडायला पाहिजे होतं. उन्हानं डोकं सुन्न झालं होतं, हे कारण नाही. कारण एवढंच, की त्यानं माझ्याकडं बघून विश्वासानं मान हलवली होती.

उतरताना त्यानं माझा हात धरला आणि मी धरू दिला.

घरी सुनेनं पिठलं-भाकरी वाढली. "सापडलं का टाकं?"

"बाबांनी बरोबर नेलं," तो म्हणाला.

मी भाकरी तशीच ताटात ठेवली. सुनेला वाटलं दमलो. जाताना तो पाया पडला, म्हणाला आठ दिवसांत व्हिडिओ टाकतो. मी पाय मागं घेतले, तर त्याला वाटलं गुडघा दुखतोय.

दुसऱ्या दिवशी सकाळी चूल पेटायच्या आधी मी त्याला फोन लावला.

"सर, ते टाकं न्हवतं. मुरमाची खदान हाय ती. मला तिथंच ठाऊक होतं."

तिकडं मागं कुणाची तरी आंघोळीची घाई ऐकू येत होती.

"मग काहून सांगितलं, बाबा?" आमच्या बोलीत विचारलं त्यानं.

"वाट सापडंना. अन् तुमच्यापुढं तसं म्हणवंना."

"टाकं आहे ना पण डोंगरावर?"

"हाय. सात पायऱ्यांचं. पण मला सापडंना."

मग तो म्हणाला, "हे तुमच्या तोंडानं व्हिडिओत घालू? नाहीतर मी सगळंच पुसून टाकतो, कुणाला कळणार नाही."

आमच्या गावात त्याचे व्हिडिओ घराघरात बघतात. ती शेरडंवालीही बघते. सून चुलीपाशी हात थांबवून ऐकत होती. मी बाजेवरून उठलो, टोपी नीट केली, आणि त्याला म्हणालो, "पुसू नका. करा रेकॉर्डिंग चालू." आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं.