मौनाचा तास आणि शहापूरचे मामा

काय घोळ घातला मी, ते आज पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगून टाकतो. एकच अट आहे. हसायचं असेल तर शेवटी हसा. मध्येच कोणी हसलं की मला चेव चढतो, आणि मग मी वाढवून सांगतो.

टोकावड्याच्या अलीकडे, हमरस्त्यापासून दीड किलोमीटर आत आमचं गाव. गावात माझी भाताची गिरणी. भात भरडायला आलेला माणूस तासभर तरी बसतोच, आणि समोर बसलेल्या माणसाशी बोलायचं नाही तर काय करायचं? सिद्धगडाच्या जंगलात एका बिबट्याने मला बघून वाट सोडली, ही गोष्ट मी गिरणीत इतक्या वेळा सांगितलीय की एका बिबट्याचे आता पाच झालेत. दामूच्या गिरणीत भाताबरोबर माणूसही भरडून निघतो, असं लोक म्हणतात. माझ्या तोंडावर म्हणतात, कारण माझ्या पाठीमागे जायला त्यांना मी उसंतच देत नाही.

तर आमची आशा. एकुलती एक मुलगी, मुरबाडला एका दवाखान्यात नर्स आहे. तिला शहापूरचं स्थळ आलं होतं. मुलगा शाळेत शिक्षक. दोघांनी एकमेकांना पसंत केलेलं. आशा दिवसातून चार वेळा फोन उलटा करून ठेवायची आणि पाच वेळा सुलटा करून बघायची, यावरून समजा काय ते. मुलाची आई येऊन पोहे खाऊन गेली, जाताना "कळवतो" म्हणाली. त्याला महिना होऊन गेला. शहापूरहून अवाक्षर नाही.

मला काळजी लागली की माझं बोलणं वाढतं. त्या महिन्यात मी झोपेतही बोलत होतो असं सुनंदा, म्हणजे माझी बायको, सांगते. शेवटी आशानेच मला फोनवर एक व्हिडिओ लावून दिला. पांढरा सदरा घातलेला एक माणूस झाडाखाली बसून सांगत होता की एकवीस दिवसांत आयुष्य आनंदी होतं. रोज सकाळी एक तास चालायचं. अनवाणी चालायचं. त्या तासात एक शब्द बोलायचा नाही. आणि जो भेटेल त्याला हात जोडून हसायचं. एक जरी शब्द तोंडातून गेला, तरी मोजणी परत पहिल्या दिवसापासून.

"बाबा, तुम्हाला जमणार नाय," आशा म्हणाली.

झालं. आता जमवायलाच हवं होतं.

पहिल्या प्रयत्नात मी घरापासून पिंपळापर्यंत टिकलो. पिंपळाखाली एकाने हवेचं विचारलं, मी पाऊण तास हवेवर बोललो. दुसऱ्या प्रयत्नात तीन दिवस निघाले, चौथ्या दिवशी एक कुत्रा अंगावर आला आणि मी त्याच्या सात पिढ्या काढल्या. कुत्र्याशी बोललेलं धरायचं की नाही, यावर व्हिडिओत काही नव्हतं. पण मी प्रामाणिक माणूस. धरलं. तिसऱ्या खेपेला मात्र मनाशी पक्कं केलं की आभाळ कोसळलं तरी तोंड उघडायचं नाही.

आणि खरंच उघडलं नाही. रोज सकाळी सातला निघायचो, गावच्या रस्त्याने हमरस्त्याच्या फाट्यापर्यंत जायचो. फाट्यावर आमच्या गावदेवीचं छोटंसं देऊळ आहे. तिथे हात जोडायचे आणि माघारी यायचं. बरोबर एक तास.

आता आमच्याकडची गोष्ट तुम्हाला सांगायला हवी. आमच्या रस्त्यावर कोणी माणसाला चालू देत नाही. दूधवाला थांबतो, जीपवाला थांबतो, "बसा काका" म्हणतो. बसला नाहीत तर त्याला राग येतो. मला दर शंभर पावलांवर कोणीतरी थांबवायचं. मी हसायचो, हात जोडायचो आणि पुढे चालायला लागायचो. पायात काही नाही, तोंडातून शब्द नाही, रोज तीच वेळ, तेच देऊळ. तुम्हीच सांगा, आमच्या भागात अशा माणसाबद्दल लोक काय समजतील?

मला सुचायला हवं होतं. पण मी तेव्हा आनंदी होण्याच्या कामात गुंतलो होतो.

सातव्या दिवशी जनीआत्या वाटेत उभी होती. सत्तरी पार केलेली बाई, हातात नारळ. तिने तो माझ्या हातात ठेवला, माझ्या पायाला हात लावला आणि निघून गेली. मी चाट. ती मला लहानपणी कान धरून घरी सोडायची, आणि आज पाया पडते? तास संपल्यावर मी तिच्या घरी गेलो, विचारलं, नारळ कशाला गो आत्या? तिने ओठांवर बोट ठेवलं.

"बोलायचं नाय रे दामू. इचारायचं पण नाय."

दुसऱ्या दिवशी दोन नारळ आले. तिसऱ्या दिवशी चार. एका बाईने नारळाबरोबर लिंबू दिलं. नको म्हणायची सोय नव्हती, तोंड बंद. व्हिडिओतला माणूस म्हणाला होता की तुम्ही जगाला हसू द्या, जग तुम्हाला भरभरून परत देईल. मला वाटलं, हेच ते. फक्त नारळाच्या रूपात येईल हे त्याने सांगितलं नव्हतं. मी सुनंदाला मोठ्या ऐटीत सगळं समजावून दिलं. तिला ते पटलं नाही, पण नारळ पटले. घरात रोज ओल्या खोबऱ्याची चटणी, दोनदा वड्या, एकदा नारळीभात. मी गिरणीतही वड्या वाटल्या. लोकांनी त्या डोळे मिटून, कपाळाला लावून खाल्ल्या. तेव्हाही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

बाराव्या दिवशी मी देवळापासून माघारी वळलो होतो. मागून एक पांढरी गाडी आली आणि माझ्या बाजूने हळूहळू चालायला लागली. काच खाली गेली. आत जाड मिशांचे, पासष्टीचे एक गृहस्थ.

"दामू गिरणीवाल्यांचं घर कुठं?"

मी हसून स्वतःच्या छातीला हात लावला.

"तुमीच का? बरं झालं. मी शहापूरचा. मुलाचा मामा. ओतूरला चाललो होतो, म्हटलं जाता जाता भेटावं."

महिनाभर ज्याची वाट बघत होतो तो निरोप गाडीत बसून माझ्या शेजारून चाललाय, आणि माझा बारावा दिवस आहे, आणि तास संपायला अठरा मिनिटं आहेत. शहाण्या माणसाने काय केलं असतं? बोलला असता. पण मला आशाचं ते "जमणार नाय" आठवलं. मी दात आवळून हसलो आणि चालत राहिलो.

मामा गाडीतून विचारत होते. मुलीच्या मनातून आहे ना? मी मान डोलावली. लग्न साधं करायचं म्हणतो आम्ही, चालेल? मी मान डोलावली. तुमची काही अट? आता अटी माझ्याकडे अकरा होत्या, प्रत्येकीला एक दाखला होता, दोन दाखल्यांत बिबट्या होता. मी मान हलवून नाही म्हणालो. जिभेवर दात इतके रुतले होते की डोळ्यांत पाणी आलं. मामांनी ते पाणी बघितलं. मग मी मनगटाकडे बोट दाखवलं, म्हणजे थोडं थांबा, वेळ संपू दे. त्यांना वाटलं मला उशीर होतोय.

"नाय नाय, तुमचा खोळंबा नको," ते म्हणाले. काच वर गेली, गाडी वळली आणि घाटाच्या दिशेने निघून गेली.

अठरा मिनिटं मी कशी काढली ते देवीला ठाऊक. घरात पाऊल टाकल्या टाकल्या सगळं एका दमात बोललो. सुनंदाने विळी बाजूला ठेवली.

"तोंड उघडलं असतंत तर दात पडले असते काय?"

संध्याकाळी आशा मुरबाडहून आली, ती पायरीवरच बसली. जीपमध्ये शेजारच्या बाईने तिचा हात हातात घेऊन विचारलं होतं की पोरी, असं काय झालंय तुला, की बापाने अनवाणी मुका नवस बोललाय? गावभर हेच होतं. कोणी म्हणे पत्रिकेत दोष, कोणी म्हणे फिट येतात, कोणी म्हणे तिसऱ्यांदा मोडलंय. आणि नवस कशाचा ते विचारलं की तो तुटतो, म्हणून दहा-बारा दिवस मला कोणी काही विचारलं नव्हतं. बायांनी आपापली गाऱ्हाणी घालून नारळ दिले होते, देवीला वाहायला. ते आम्ही वड्या करून खाल्ले होते.

सुनंदाने तोंडाला पदर लावला. मी हिशोब जुळवला. मुलाकडच्यांच्या कानावर नवसाचं गेलं असणार. म्हणून मामा खात्री करायला आले. आणि त्यांनी बघितलं काय? अनवाणी बाप, डोळ्यांत पाणी.

आशा रडली नाही. ती रडली असती तर बरं झालं असतं. नुसतं एवढंच म्हणाली, "बाबा, मला तिथंच लग्न करायचं होतं."

होतं, म्हणाली. त्या एका शब्दाने मला रात्रभर जागं ठेवलं. सकाळी उठलो ते ठरवूनच. हे मी बिघडवलं, मीच सुधारणार. गोणीभर नारळ आणून देवीसमोर फोडले. कोणाचं काय मागणं होतं ते मला ठाऊक नाही, आई, तूच वाटून घे, असं सांगितलं. मग सुनंदाला घेऊन सरळगाव, किन्हवली करत शहापूर गाठलं.

मुलाच्या आईने आम्हाला बघून पाणी पुढे केलं. मामाही घरातच होते. मी पेल्याला हात लावला नाही. म्हटलं, आधी ऐकून घ्या. मुलगी ठणठणीत आहे, पत्रिका स्वच्छ आहे, नवस नाही, काही नाही. मी फक्त आनंदी होत होतो. मग आनंदी म्हणजे काय ते सांगावं लागलं. मग व्हिडिओ. मग कुत्रा. मग नारळ, वड्या, जनीआत्या, तिचा थोरला मुलगा, त्याची म्हैस. चहा आला, गेला. दुसरा आला. बारा दिवसांचं साठलेलं होतं हो आत. सुनंदाने दोनदा चिमटा काढला, मला वाटलं ती मला रंग भरायला सांगतेय. पाचवा बिबट्या वाट सोडून गेला तेव्हा मी थांबलो. घड्याळात दोन तास झाले होते.

मामा जमिनीकडे बघत होते.

"ताई," ते बहिणीला म्हणाले, "मी बघितला तो माणूस ह्यो नव्हता."

मुलाच्या आईने पदर सावरला आणि मोठ्या मायेने, एकेक शब्द तोलून सांगितलं. मुलगी त्यांना पहिल्याच दिवशी पसंत होती. नवसाबिवसाचं त्यांच्या कानावरही नव्हतं. "कळवतो" म्हणून महिना घालवला तो माझ्यापायी. मी पोहे देताना त्यांना तीन तास बोलून दमवलं होतं. घरी जाऊन त्या आजारी पडल्या होत्या. सोयरीक झाली तर हा माणूस मांडवात कोणाला जेवू देणार नाही, सणासुदीला येऊन बसेल तो उठणार नाही, अशी घरात चर्चा. म्हणून भावाला धाडलं, जरा जवळून बघून ये. आणि भाऊ सांगत आला की लोक उगाच बोलतात, माणूस गरीब गाय आहे, विचारलं तेवढ्याला मान डोलावतो, मुलीचं नाव काढलं की डोळ्यांत पाणी येतं.

"आज दुपारी फोन करणार होतो तुमाला. होकाराचा," त्या म्हणाल्या.

मी तोंड उघडलं. म्हणजे नेमकं जे करायला नको होतं तेच. पण शब्द बाहेर पडायच्या आत सुनंदा उठून उभी राहिली. पंचवीस वर्षांत चारचौघांत ती माझ्या बोलण्यामध्ये कधी पडली नव्हती. कदाचित जागा मिळाली नसेल.

"ताई, ह्यांचं तोंड मोठं, पण जिद्द त्याहून मोठी. बारा दिवस मी सोता बघितलंय. लग्न होईपर्यंत घरात, दारात, गिरणीत, कुठंच एक शब्द बोलणार नाय. मी जामीन."

मुलाच्या आईने मामांकडे बघितलं. मामांनी माझ्याकडे बघितलं. मी, मनावर केवढा धोंडा ठेवून ते मलाच माहीत, मान डोलावली.

"हां," मामा म्हणाले, "आता ह्यो तोच माणूस."

तारीख तिथल्या तिथे धरली. आशाने फोन ऐकला तेव्हा ती दवाखान्याच्या जिन्यातच बसली म्हणे.

त्याला आज एकोणीस दिवस झाले आणि लग्नाला अजून सव्वीस आहेत. मी एक अक्षर बोललेलो नाही. गिरणीत पाटी लावलीय. म्हणून तर हे सगळं वहीत लिहून तुमच्या हातात दिलं, नाहीतर चहा पिता पिता तोंडानेच सांगितलं नसतं का?

पण एक गोष्ट झाली. परवा सकाळी मी ओसरीवर गप्प बसलो होतो आणि आतून गाणं ऐकू आलं. सुनंदा भाकऱ्या थापता थापता गुणगुणत होती. गोड आवाज आहे हो तिचा. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा ऐकला मी. रात्री आशाला वहीत लिहून विचारलं, आई हल्ली गायला लागली वाटतं?

आशा म्हणाली, "हल्ली? बाबा, ती रोज गाते."