खुर्चीपेक्षा बादली बरी

दिवाळी अंकात माझी कथा छापून आली आणि शिनोलीपासून डिंभ्याच्या धरणापर्यंत सगळा मुलूख दणाणला. म्हणजे आमच्या आळीत दोघांनी विचारलं. पण दणाणला हे खरं. त्या एका कथेपायी घोडेगावच्या साहित्य संमेलनात मला कथाकथनाला बोलावणं आलं.

बायकोला घेऊन गेलो. मंडपात शिरलो मात्र, माझ्यातला लेखक जो पळाला तो थेट कळंबला जाऊन थांबला असावा. जिकडंतिकडं झब्बे आणि शबनम पिशव्या. कुणी ‘आशय’ म्हणत होतं, कुणी ‘जाणिवा’. माझ्या जाणिवा टोमॅटोवरच्या करपा रोगापलीकडं कधी गेल्याच नव्हत्या. पुढच्या रांगेत माझ्या नावाची खुर्ची होती. वाटलं, टेकलो की खुर्चीच ओरडेल, ‘हा कोण?’ सकाळभर मी मागं खांबाला धरून उभा राहिलो.

दुपारी पंगती बसल्या. आमच्याकडं रीतच आहे, बाहेरचे पाहुणे जेवायला बसले की इथला माणूस वाढायला धावतो. मला तेवढंच निमित्त पुरलं. मासवडीच्या रश्श्याची बादली उचलली आणि जिवात जीव आला. बादलीवाल्याला कुणी विचारत नाही, साहित्यात तुमची जागा कुठली.

हात चालू झाला तसं तोंडही चालू झालं. “परवा रात्री उसाला पाणी देत व्हतो. बॅटरी संपली. बघतो तर बांधावर बिबट्या! म्हणलं, आलायस तर बस राव, पण जरा इकडं बघ. त्याच्या डोळ्यांच्या उजेडात दोन एकर भिजवलं.”

एका झब्बेवाल्या आजोबांनी वाटी पुढं केली. “मग?”

“मग रस्सा घ्या.”

तिखटानं त्यांच्या नाकाडोळ्यांतून धारा लागल्या, तरी वाटी पुन्हा पुढं. “पण मग?”

तेवढ्यात संयोजक धापा टाकत आले. “भाऊ, कथाकथनाचे पाहुणे दिसले का? आता त्यांचंच सत्र आहे.”

“न्हाई बा,” मी म्हणालो. “गेले वाटतं.”

पंगतीतून बायको कडाडली, “आवो, गेलंत कुठं? बादली धरून हुबं हायेत, त्येच की ते!”

असा हशा पिकला की भीमाशंकरची माकडं दचकली असतील. माझ्या हातातली बादली सोडवायला चार माणसं लागली.

व्यासपीठावर चढलो तर झब्बेवाले आजोबा मधोमध! संमेलनाचे अध्यक्षच ते. मी घोटून आणलेले कागद काढले, तर ते नाक पुसत म्हणाले, “ते नंतर. आधी बिबट्याचं सांगा.”

सांगितलं. “पहाटं उजाडाय लागलं, तसं त्यानं डोळं मिटलं आन् जांभई दिली. म्हणलं, जा बाबा, दमलास.” मंडप हलला. मग घोटलेली कथाही वाचली. लोकांनी तीही ऐकून घेतली.

अध्यक्षांच्या शेजारी जाऊन बसलो. बघतो तर ते खुर्चीच्या पार कडेला टेकलेले.

“नीट बसा की सर, पडाल.”

ते हळूच म्हणाले, “सवय आहे हो. इतकी पुस्तकं झाली, तरी वाटतं, कुणीतरी येईल आणि उठवेल इथून.”

“कोण उठवतंय बघूच,” मी म्हणालो. “मी हाय की शेजारी.”

आणि पाठ टेकून, पाय पसरून बसलो. थोड्या वेळानं तेही मागं सरकले.