ओंकारच्या मापाची सीट

आमच्या चऱ्होलीत भैरूएवढा चिवट घासाघीस करणारा माणूस नाही. चाकणच्या बैलबाजारात रुमालाखाली हात घालून, बोटं दाबून भाव ठरवायला लागला की समोरच्या व्यापाऱ्याला घाम फुटायचा. तोच भैरू यंदा शोरूममध्ये मोटारीच्या एका दिव्याचे पाऊण लाख द्यायला तयार झाला आणि "काय कमी व्हतंय का" एवढंसुद्धा विचारलं नाही. एका दिव्याचे पाऊण लाख! आमच्या वेळी तेवढ्यात मोटारसायकल यायची, वर पेढे वाटायला पैसे उरायचे.

मी चिमाजी, त्याचा चुलतभाऊ. दोन वर्षांनी तो मोठा, पण मी त्याला भैरूच म्हणतो. मी पिंपरीला कंपनीत चिकटलो, तो रानात राहिला. शर्यतीची बैलं पाळायची, घाटात म्हणजे शर्यतीच्या चढावर पळवायची, निकाल मनासारखा लागला नाही की भांडायचं, हे त्याचं आयुष्य. मग रान बिल्डरला गेलं, तिथं राहायचे टॉवर उभे राहिले, बैलं गेली, गोठा मोकळा पडला.

ओंकार त्याचा एकुलता एक. सहा फुटांच्या वर गेलेला गडी. आमच्या घराण्यात सगळे बुटबैंगण, हा एकटाच कुणावर गेला देव जाणे. भैरू म्हणायचा, "माझ्या वाटणीची उंचीबी ह्येनंच घेतली." चाकणला सुपरवायझर होता. गाडी घेतली तीही पाय मावतात म्हणून. बटण दाबलं की सीट आपली आपण मागं सरकायची, ओंकारच्या उंचीला येऊन थांबायची, आणि समोरच्या स्क्रीनवर अक्षरं उमटायची: वेलकम ओंकार. पहिल्या दिवशी भैरूनं तीनदा गाडी बंद-चालू करून ती गंमत बघितली होती.

गेल्या वर्षी श्रावणात ओंकारला डेंगी झाला. तापच तर आहे म्हणत होतो आम्ही. आठवडा पुरा झाला नाही आणि पोरगं हातचं गेलं. एकोणतीस वर्षांचं. मुली बघायला सुरुवात केली होती हो. मी नुसता चुलता, तर त्याच्या आईबापाचं काय होत असेल!

गाडी गोठ्यात उभी राहिली. भैरू रोज सकाळी ती पुसायचा, डाव्या सीटवर बसायचा आणि हात लांब करून बटण दाबायचा. शेजारची मोकळी सीट मागं सरकायची, नाव यायचं. तो म्हणायचा, "आलास का रं?" थोडा वेळ बसायचा आणि बटण बंद करून चहाला जायचा. एकदा मी अचानक गेलो आणि हे पाहिलं. भैरूनं माझं मनगट धरलं. "कुणापाशी बोलू नगं चिमाजी. लोक येडा म्हनतील."

बॅटरी उतरू नये म्हणून आठवड्याला मी गाडी आळंदीपर्यंत फिरवून आणायचो. पण भैरू सीट पुढं घेऊ देईल तर शपथ! मी पाच फूट तीन इंच. सीटच्या कडेवर टेकून, पाय ताणून ब्रेक दाबत जायचो. गाडी चालवतोय की घसरगुंडीवर बसलोय, कळायचं नाही. शिव्या हासडायचो, पण सीटला हात लावला नाही.

तर हे असं चाललं होतं, आणि दसरा आला. भैरूची बायको छबूबाई, आमच्या वहिनी. ओंकार गेल्यापासून त्या माउलीनं एक सण केला नव्हता. यंदा म्हणाल्या, "गाडीची पूजा करते. त्याला आवडायची." गाडी धुतली, हळदीकुंकू लावलं, चाकाखाली लिंबं ठेवली. कापूर पेटवून ओवाळलं, आणि जळता कापूर असलेलं ताट बंपरवर, दिव्याला टेकवून ठेवलं, अन् झेंडूचा हार बांधायला वळल्या. आमच्या जुन्या ट्रॅक्टरची पूजा त्यांनी जन्मभर अशीच केली. ट्रॅक्टरचा दिवा काचेचा होता, त्याला काय होणार? हा निघाला प्लास्टिकचा. बघता बघता फोड आले, खड्डा पडला, भेग गेली. परतीच्या पावसात त्या भेगेतून पाणी आत शिरलं आणि दिवा बंद पडला.

नुसता दिवा बंद पडला असता तर कुणाचं काय अडत होतं? रात्री गाडी काढतंय कोण! पण त्या शहाण्या गाडीनं दुसरंच काढलं. बटण दाबलं की टुणटुण वाजायला लागली, आणि जिथं ओंकारचं नाव यायचं तिथं पिवळा त्रिकोण आणि इंग्रजीत दिवा खराब असल्याची सूचना. नाव त्याच्याखाली झाकलं गेलं. सीट सरकायची, पण नाव काही दिसेना.

भैरूचं ते रोजचं बसणं वहिनींना ठाऊक होतं; त्यांनी दोन दिवस अन्नाला शिवलं नाही. "माझ्या हातानं झाकलं मी त्याचं नाव," एवढंच म्हणायच्या. भैरू म्हणाला, "दिवाच हाय. बदलून आनतो. त्यात काय!"

आधी काळेवाडीला पिंटूकडे गेलो, तो गाड्यांचं इलेक्ट्रिकचं काम करतो. त्यानं वाकून पाहिलं आणि मान हलवली. "काका, ह्यात बल्ब नसतो. सगळा डबाच सीलबंद येतो, आख्खा बदलायचा." मग त्यानंच भंगारातून अपघातातल्या गाडीचा दिवा मिळवून बसवला. दिवा लागला, आम्ही हसलो, आणि टुणटुण पुन्हा सुरू.

"दुसऱ्या गाडीचा दिवा ही गाडी मानत नाही," पिंटू म्हणाला. "नवाच आणून कॉम्प्युटरवर जुळवावा लागेल. ते शोरूमवालेच करणार."

"दिवा बसवायचाय का सोयरीक जमवायचीये?" मी भडकलो. "आता पत्रिका बघायची का दिव्याची?"

शोरूममध्ये मोनिका नावाची पोरगी होती, गोड बोलणारी. तिनं दिवा मागवला, पंधरा दिवस लागतील म्हणाली, लागला महिना. तो महिनाभर भैरू रोज सकाळी गाडीत बसायचा, टुणटुण ऐकायचा आणि उतरायचा. शेवटी दिवा आला. गाडी ताब्यात देताना भैरू तिला म्हणाला, "ताई, आतल्या कशाला हात लावू नगा."

मी त्याला कोपरानं ढोसलं. सांग ना नीट, कशाला ते! त्यानं माझं मनगट असं दाबलं की मी गप्पच बसलो. रुमालाखालचा तोच हात. बाजारात कुणाला काही कळू द्यायचं नाही, ही त्याची जन्माची सवय, आणि दुःखाच्या बाबतीतही तीच. मोनिका म्हणाली, "काळजीच करू नका काका. सीटवर कव्हर घालून काम करतात आमचे लोक." बिचारीला दुसरं काय वाटणार?

दुसऱ्या दिवशी गेलो. दिवा कसा झगझगीत! भैरू लगबगीनं डाव्या सीटवर बसला, बटण दाबलं. टुणटुण नाही. त्रिकोण नाही. नावही नाही. सीट जागची हलली नाही.

"सरकंना का?" भैरू म्हणाला.

मोनिका कौतुकानं वाकली. "नवा दिवा जुळवायला गाडीचं सॉफ्टवेअर नवं टाकावं लागलं, काका. जुनं सगळं पुसलं जातं त्यात. आता गाडी अगदी कोरी झाली बघा. नाव काय टाकू, तुमचं?"

भैरूनं शेजारच्या मोकळ्या सीटवर हात ठेवला. मग म्हणाला, "ओंकार."

तिनं टाकलं. वेलकम ओंकार. तीच अक्षरं, तोच रंग. माझा जीव जरा भांड्यात पडतोय तोच ती म्हणाली, "मुलगा का? मग त्यांना एकदा घेऊन या ना. सीटवर बसले की त्यांच्या मापानं सेट करून देते. दोन मिनिटांचं काम आहे."

भैरू म्हणाला, "बरं."

मला ओरडावंसं वाटलं, काहीतरी फोडावंसं वाटलं. पण कुणावर ओरडायचं? त्या पोरीवर? छबूवहिनींच्या कापरावर? येताना मी गाडी चालवली. सीट पुढंच होती, पाय नीट पोचत होते. इतकं सुखानं मी ती गाडी कधी चालवली नव्हती, आणि सबंध रस्ता मला रडू येत होतं.

चऱ्होली जवळ आल्यावर भैरू म्हणाला, "छबूला काय सांगायचं न्हाई. तिच्या हातनं झालंय म्हनून जीव देईल ती."

वहिनी दारातच उभ्या. "दिसतंय का हो नाव?"

"व्हय, दिसतंय की! बस ये." त्यानं वहिनींना डाव्या सीटवर बसवलं. स्वतः पलीकडचं दार उघडून उभा राहिला. बटण दाबलं, नाव आलं. वहिनींनी पदरानं स्क्रीन पुसला. भैरूनं हळूच सीटच्या कडेला हात घातला. तिथं हातानं सीट मागंपुढं करायची कळ असते. ती त्यानं दाबून धरली, आणि सीट सरकायला लागली. बोटांत बैलाची किंमत ओळखणारा माणूस, पण कुठं थांबायचं ते त्याच्या बोटांना कळेना. अंदाजानं त्यानं कळ सोडली.

वहिनींनी त्या मोकळ्या सीटकडे पाहिलं. मग भैरूच्या हाताकडे पाहिलं. मला वाटलं, आता संपलं सगळं.

"आजून मागं घ्या," वहिनी म्हणाल्या. "त्याचं गुडघं अडत्यात."

भैरूनं पुन्हा कळ दाबली. सीट थोडी सरकली.

"आजून."

सीट सरकत सरकत पार शेवटाला गेली, खट्कन अडली. भैरूनं कळ सोडली नाही. आतलं यंत्र नुसतंच घुरघुरत राहिलं.

"आजून मागं, धनी," वहिनी म्हणत होत्या. "लई उंच हाय माझं लेकरू. आजून मागं."