मागूनबाईची खोली

माझ्या धाकट्या जावेला सगळं खोरं मागूनबाई म्हणतं. नळ असो, दवाखाना असो, नाहीतर बसचं दार असो, "तुम्ही व्हा पुढे, मी येते मागून," हे तिचं ठरलेलं. एकदा असं म्हणता म्हणता बसच निघून गेली. ही बाई बसला हात हलवून घरी परत.

"अगं, गेली नाहीस?" मी विचारलं.

"गर्दी होती हो ताई."

शिवणकामात तिचा हात कोणी धरणार नाही. खोऱ्यातल्या निम्म्या लोकांच्या अंगावर तिची शिलाई आहे, पण स्वतःची उसवलेली बाही मात्र टाचणी लावून चालवते. का, तर आधी लोकांचे कपडे.

दीर गेल्यावर तिच्या मुलानं धोशा लावला. तो शहरात असतो. "आई, एवढ्या घरात एकटी काय करतेस? विकून टाकू आणि चल माझ्याकडे." हिला जायचं नव्हतं, पण मुलाला नाही म्हणायला तिची जीभ रेटेना. माझ्यापाशी येऊन रडायची. "ताई, तिथे खिडकी उघडली की समोरच्यांची मोरी दिसते. मी कुणाचं काय शिवू तिथे?"

त्याच सुमारास आमच्या चार गावांनी मिळून खोऱ्यात पर्यटक आणायचं ठरवलं. खाली पुलाचं गाव, मग गिरणीचं, मग आमचं आणि वर खिंडीतलं. ज्याच्याकडे जादा खोली आहे त्यानं ती पाहुण्यांना द्यायची. मागूनबाईनं शिवणाचं मशीन जिन्याखाली सरकवलं, पुढची खोली रिकामी केली, उरल्यासुरल्या तुकड्यांचे पडदे आणि झालरीचे अभ्रे शिवले. मुलाला फोन लावून म्हणाली, "एक हंगाम बघू दे. खोलीत कोणी राहिलं तर मी इथेच. नाही राहिलं तर तू म्हणशील तसं." तो बरं म्हणाला. हसत होता असं मला वाटलं, पण फोन तिच्या कानाला होता, खात्रीनं कसं सांगू?

सुरुवातीलाच घोळ झाला. पर्यटकांची गाडी थांबली की चारही गावांची माणसं तिच्यावर तुटून पडत. "आमच्याकडे चला!" "छे, तिथे डास आहेत!" या ओढाताणीत एका पाहुण्याच्या पिशवीचा बंद तुटला. मागूनबाईनं तो उभ्या उभ्या शिवून दिला आणि पाहुणा पिशवी घेऊन जो पळाला तो पळालाच.

मग सभा भरली. गिरणीवाला आमच्या समितीचा प्रमुख. तो म्हणाला, "लाज वाटली पाहिजे आपल्याला. आजपासून कोणी स्वतःच्या गावाची स्तुती करायची नाही. करायची तर दुसऱ्या गावाची." सगळ्यांनी हात वर केले. आणि आमची माणसं कशीही असली तरी शब्दाला पक्की.

त्यानंतर गाड्याच गाड्या! पुलाचे लोक म्हणत, "इथे काय आहे? गिरणीच्या गावाला जा." गिरणीचे म्हणत, "वरच्या गावाची हवा घ्या." आमचे म्हणत, "खिंडीतून काय दिसतं म्हणून सांगू!" खिंडीतले म्हणत, "खरी मजा खाली पुलापाशी." पण एवढं चढून आलेला माणूस पुन्हा खाली कशाला येईल? तो पलीकडे उतरून आपल्या घरी जाई. रस्त्यावर धूळ मावेना, आणि मागूनबाईच्या चादरीला सुरकुती पडेना.

पुढच्या सभेत तर डोकंच चालेनासं झालं.

"तुमच्याकडे राहतात ना सगळे?" पुलाच्या गावानं विचारलं.

"आमच्याकडे? आम्हाला वाटलं खिंडीत राहतात."

खिंडीतला एक जण म्हणाला, "आम्ही समजलो तुमच्या खोल्या भरल्यात, म्हणून बिचारे घाईत पुढे जातात."

गिरणीवाल्यानं खूप विचार केला. "नियम चांगलाच आहे," तो म्हणाला. "पाहुण्यांतच काहीतरी खोट असणार." आम्ही सगळ्यांनी मान डोलावली. मीही.

हंगाम सरला. दुसऱ्या दिवशी मुलगा यायचा होता, घर बघायला गिऱ्हाईक घेऊन. मी मागूनबाईला भांडी बांधायला मदत करत होते, तेवढ्यात दारात एक वयस्क नवरा-बायको आले. खिंडीतून खरोखरच परत फिरलेले ते पहिलेच. बाई तर उंबऱ्यावरच बसल्या.

"राहायला कुठे चांगलं आहे हो?"

मागूनबाई माझ्याकडे बघत म्हणाली, "गिरणीचं गाव छान आहे."

"ते तुम्हाला छान म्हणतात. सकाळपासून आम्ही फिरतोय नुसते! तुमची खोली कशी आहे ते सांगा."

आता आली का पंचाईत? स्तुती करायची नाही म्हणून शब्द दिलेला. मागूनबाईनं जिन्याकडे पाहिलं. "जिना करकरतो," ती म्हणाली. "पाणी तापायला वेळ लागतो. उशी जरा उंच आहे. आणि पहाटे बदकं कलकलाट करतात."

ते आजोबा बायकोला म्हणाले, "ऐकलंस? दिवसभरात पहिलं माणूस भेटलं ज्याच्याकडे खरोखर खोली आहे." आणि बूट काढून आत गेले.

दुसऱ्या दिवशी मुलगा गिऱ्हाईकाला घेऊन आला, तर दारात दोघांचे बूट आणि मागे परसात आजोबा बदकांशी बोलतायत.

"आई, हे कोण?"

"पाहुणे. अजून राहणार आहेत." मग ती गिऱ्हाईकाकडे वळली. "घर विकायचं नाही. चहा घेऊन जा."

पुढची खोली पाहुण्यांकडे होती, म्हणून मुलगा रात्री झोपायला माझ्याकडे आला. "मोठी आई, खरं सांग. आईनं हे मुद्दाम केलं का? सगळं जग आपल्या खोलीची वाखाणणी करतं आणि ही नावं ठेवते?"

मी काय सांगणार? गिरणीवाल्यालाही तेच कोडं पडलंय. नावं ठेवू नका असं काही ठरलं नव्हतं, म्हणून तिला बोलताही येत नाही त्याला. मला कधी वाटतं, ती बिचारी जसं आहे तसं बोलून गेली. कधी वाटतं, एवढी वर्षं आम्हीच तिला ओळखलं नाही. तिला विचारलं तर म्हणते, "काय की हो ताई, तोंडाला आलं ते बोलले."

सकाळी मुलगा एकटाच बसमध्ये चढला. घराचा विषय निघाला नाही. तो कोणी टाळला, तेही मला कळलं नाही.