सुसाट आत्या आणि टाळ्या

आमच्या आत्याला नातेवाईक, शेजारीपाजारी आणि दुकानातली गिऱ्हाइकं 'सुसाट' म्हणतात. चक्क तोंडावर म्हणतात. तिला तो किताब वाटतो.

आत्या चष्म्याच्या दुकानात कामाला आहे. मागच्या खोलीत काचा घासायचं मशीन, पुढे काउंटर, काउंटरवर गोल आरसा आणि आरशामागे आत्या. फ्रेमच्या काड्या गरम करून कानामागे बेतशीर वळवायच्या, नाकावरच्या मऊ गाद्या बदलायच्या, हे ती फार सुबक करते. त्याबद्दल वाद नाही. वाद आहे तो पुढच्या भागाबद्दल. गिऱ्हाइकाचा चष्मा तिच्या हातात असतो, गिऱ्हाइकाला सगळं जग धुकट दिसत असतं, आणि नेमकी ती घटका साधून आत्या विचारते, "यंदा मी मॅरेथॉन धावतेय, तुमची देणगी धरू ना? चांगल्या कामासाठी आहे." धुकट दिसणारा माणूस कशालाही हो म्हणतो. त्यातून त्याला चष्मा परत हवा असतो.

"हा दरोडा आहे," काका म्हणतात. काका म्हणजे आत्याचे यजमान. खुर्ची दिसली की त्यांना माहेरी आल्यासारखं वाटतं.

"दरोडा काय? दान आहे ते!"

"दान देणाऱ्याला निदान दिसत तरी असतं गं."

ते चांगलं काम म्हणजे आमच्या घरापासून जवळचंच एक केंद्र. अपघातात सापडलेली, अर्धांगाचा झटका आलेली माणसं तिथे पुन्हा चालायला शिकतात. लांबट हॉल, मधोमध धरून चालायच्या दोन दांड्या, भिंतभर आरसा, कोपऱ्यात चाकाच्या खुर्च्या. दर वर्षी शर्यतीच्या आधी आत्या तिथे जायची. धावायचे बूट, डोक्याला पट्टा, असा सगळा साज करून. जिथे माणसं एका पावलासाठी घामाघूम होत असत, तिथे ही जागच्या जागी उड्या मारत भाषण ठोकायची. "तुमच्यासाठी धावतेय मी! थांबायचं नाही! हरायचं नाही!" आणि कुणी दांडी सोडून दोन पावलं टाकली, की ही कडाडून टाळ्या वाजवायची.

तिथे एक प्राचार्यबाई आहेत. खुब्याचं हाड मोडून आल्या, बऱ्या झाल्या, तरी वॉकर घेऊन रोज येतातच. "घरी सगळे मला जपतात, इथे कुणी जपत नाही," म्हणून. एकदा त्या पलंगावरून उठून खुर्चीवर बसल्या तर भेटीला आलेल्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. बाई म्हणाल्या, "खुर्चीवर बसले म्हणून टाळ्या? उद्या जेवले तर बँड बोलवाल." दुसऱ्या दिवशी हॉलच्या दारावर बोर्ड लागला. 'टाळ्या वाजवू नयेत. कामं चालू आहेत.' तेव्हापासून केंद्रात कुणी चाललं, पडलं, उठलं, तरी बाकीचे आपापलं करत राहतात. फार तर कुणी म्हणतं, "चाललाच आहात तर पंखा लावा."

आत्याने तो बोर्ड वाचला होता. तो इतरांसाठी आहे, असा तिचा समज झाला.

तिचंही चुकत नव्हतं म्हणा. टाळी हे तिचं इंधन. शेवटच्या टप्प्यात पाय ऐकेनासे होतात, छाती फुटायला येते, आणि मग दोरीपलीकडून टाळ्या सुरू होतात. तेव्हा म्हणे तिला पंख फुटतात. शेजारच्या मुलीच्या वाढदिवसाला केक कापल्यावर टाळ्या पडल्या, तर आत्या त्यांच्या दिवाणखान्यात दोन्ही हात वर करून तीन-चार पावलं पुढे गेली होती. टीपॉय मध्ये आलं म्हणून थांबली.

तर यंदा शर्यतीला काही महिने असताना तिची टाच गेली. सकाळी उठून पाय जमिनीला टेकवला की काकांना जाग येईल इतक्या मोठ्याने ओरडायची. केंद्रातल्याच फिजिओबाईंनी टाच दाबून पाहिली.

"पळायचं नाही. मी सांगेपर्यंत."

"हळूहळू पळलं तर?"

"हळूहळू पळणं म्हणजेसुद्धा पळणंच, ताई."

"पण माझी शर्यत!"

"टाच बरी झाली तर शर्यत. हट्ट केलात तर टाचही नाही आणि शर्यतही नाही. आता विश्रांती. कुठे तरी जाऊन या हवं तर."

आत्याने यातलं 'जाऊन या' तेवढं उचललं. तळ्याकाठी तंबूंचा एक मुक्काम शोधला आणि आम्हाला सामानासकट गाडीत कोंबलं. काकांना त्यांच्या घडीच्या खुर्चीसकट, मला पिशव्या सांभाळण्यासाठी. पोचल्यावर कळलं की तिथे कयाक आहेत, चढायची भिंत आहे, झुलता पूल आहे, आणि टेकडीवरून तळं ओलांडून खाली येणारी झिपलाइन आहे.

"ही विश्रांती?" काका खुर्ची उघडत म्हणाले.

"त्यांनी काय सांगितलं? पळू नका. बरोबर? वल्हवू नका म्हणाल्या का? चढू नका म्हणाल्या का? लोंबकळू नका म्हणाल्या का?"

"त्या बिचारीला सुचलं नसेल गं."

आत्याने कयाक वल्हवली आणि परत येताना एका बदकाच्या कुटुंबाला वाट सोडायला लावली. भिंत चढली आणि वर जाऊन खाली उभ्या असलेल्या अनोळखी लोकांना देणगी मागितली. झुलत्या पुलावर एक गृहस्थ भीतीने दोर धरून थिजले होते, त्यांना "थांबायचं नाही! हरायचं नाही!" असं सुनावत मागून रेटत पलीकडे नेलं. ते गृहस्थ पलीकडे पोचताच बसले आणि बराच वेळ उठले नाहीत. तंबूत परतली की ही टाच बादलीतल्या गार पाण्यात बुडवायची आणि "सूज उतरतेय, बघ," म्हणून मला दाखवायची. मला सूज चढताना दिसत होती. पण सुसाट माणसाला खरं सांगायला त्याच्या पुढे पळावं लागतं.

राहता राहिली झिपलाइन. शेवटच्या दिवशी आम्ही खालच्या फळीपाशी उभे होतो. फळी म्हणजे उतरण्यासाठी बांधलेला लाकडी मंच. आत्या टेकडीवरून सुटली, तळ्यावरून किंचाळत आली, आणि शिकवल्याप्रमाणे पाय अलगद टेकवून उतरली. इतकं नीट, की बघणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या.

आणि तिथेच घात झाला.

टाळ्या ऐकल्या, आणि आत्याचे हात वर गेले. मान ताठ झाली. आणि शर्यतीची शेवटची रेषा दिसल्यागत ती पळत सुटली. कमरेचा पट्टा अजून तारेला अडकवलेला होता. तो सोडवायला आलेला माणूस "अहो बाई, बाई!" म्हणेपर्यंत पट्टा ताणला गेला, आत्या मागच्या मागे खेचली गेली आणि उजवा पाय फळीच्या कडेला मुडपून राहिला. टाळ्या वाजवणारे हात तसेच तोंडावर गेले.

"पट्टा सोडायला तरी थांबायचं!" काका खुर्ची टाकून धावले. मी त्यांना धावताना पहिल्यांदाच पाहत होते.

आत्या वेदनेने पांढरी पडली होती. तरी म्हणाली, "टाळ्या वाजत होत्या हो..."

घोटा मोडला होता. प्लास्टर झालं. आत्या दुकानात एका उंच स्टुलावर बसून, पाय दुसऱ्या स्टुलावर ठेवून चष्मे बसवू लागली. गिऱ्हाइकं हळहळली. आणि एक विचित्र गोष्ट घडली. देणग्या येतच राहिल्या. कुणी म्हणेनाच की ताई, तुम्ही धावणार नाही तर आमचे पैसे परत द्या. उलट प्लास्टर बघून लोक चष्मा हातातून जायच्या आतच हो म्हणू लागले.

संध्याकाळी काका खुशीत होते. "बघ, यंदा एक पाऊल न टाकता पैसे जमले की! बुटांचा खर्चही वाचला."

आत्या गप्प झाली. आमच्या घरात हे फार क्वचित घडतं, म्हणून आम्ही दोघांनी तिच्याकडे पाहिलं.

"मग इतकी वर्षं मी धावले ती कशाला?" ती म्हणाली. "मी नाही धावले तरी चालतंय होय सगळ्यांना?"

काका उठून चहा टाकायला गेले आणि त्यात साखर दोनदा घातली.

त्या दिवसापासून आत्याने एकच धोशा लावला. शर्यतीला जायचंच. धावता नाही आलं तर काठी टेकत सुरुवातीच्या रेषेवर उभं राहायचं, पण आपल्याशिवाय ती शर्यत सुरू होऊ द्यायची नाही. प्लास्टर निघालं आणि व्यायामासाठी तिला पाठवलं कुठे? त्याच केंद्रात. त्याच हॉलमध्ये.

पहिल्या दिवशी मी तिला घेऊन गेले. आत्या दारातून कुबड्यांवर आत आली. दांड्यांपाशी प्राचार्यबाई वॉकरला टेकून उभ्या होत्या. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. चष्मा आत्यानेच बसवलेला.

"या, सुसाटबाई. आज कोणासाठी धावताय?"

हॉलमध्ये एक-दोन जण खोकले. ते हसू दाबण्याचं खोकणं होतं.

"मी इथली देणगीदार आहे," आत्या म्हणाली.

"हो ना. इथे सगळेच काही ना काही होते. मी प्राचार्य होते. दांडी धरा."

आत्याने दांडी धरली. पाऊल टेकवलं. चेहरा असा झाला की मला मान वळवावी लागली. एक पाऊल, मग दुसरं. आरशात ती स्वतःलाच दिसत होती. वाकलेली, ओठ चावत असलेली. दांडीच्या टोकाला पोचली तेव्हा सवयीने तिने मान वर करून चहूकडे पाहिलं.

कुणी बघत नव्हतं. एक जण रबरी चेंडू दाबत होता. एक बाई बुटाचा बंद बांधत होती. फिजिओबाई फोनवर कुणाला तरी गुरुवारची वेळ देत होत्या.

"पोचले मी!" आत्या न राहवून म्हणाली.

"दिसलं," प्राचार्यबाई म्हणाल्या. "आता वळून परत यायचं असतं. थांबायचं नाही, हरायचं नाही. तुम्हीच सांगायचात ना?"

आत्या घरी येताना रिक्षात रडली. पायासाठी रडली असं तिचं म्हणणं. पण दुसऱ्या दिवशी गेली. तिसऱ्या दिवशीही गेली. काही आठवड्यांनी कुबड्या गेल्या आणि काठी आली. भाषण मात्र एकदाही नाही. मला वाटतं, उड्या मारता येत नव्हत्या म्हणून.

शर्यत जवळ आली तशी तिने फिजिओबाईंना गाठलं. "रेषेवर नुसती उभी तर राहू द्या."

"राहा की उभ्या. काठी बघून लोक टाळ्या वाजवतील. मग?"

"मग काय?"

"मग तुमचे पाय काय करतील, ते तुम्हीच सांगा."

झिपलाइनची गोष्ट केंद्रात सगळ्यांना पाठ होती. काका दर वेळी तिला न्यायला यायचे, आणि खुर्ची मिळाली की गोष्ट सांगायचे.

"पाण्याच्या टेबलावर बसा," फिजिओबाई म्हणाल्या. "आमचं टेबल असतं दर वर्षी, वळणावर. तुम्ही पाहिलं असेल."

पाहिलं होतं. दर वर्षी तिथला पेला उचलून, पाणी निम्मं सांडून, "तुमच्यासाठी!" असं ओरडून ती पुढे गेली होती. टेबलामागे कोण बसलंय ते मात्र कधी पाहिलं नव्हतं.

शर्यतीच्या सकाळी आत्या टेबलामागे बसली. गळ्यात केंद्राचं ओळखपत्र, काठी खुर्चीला टेकवलेली. शेजारी प्राचार्यबाई पेले ओळीत मांडत होत्या, शाळेतल्या मुलांना उभं करावं तसे. काका आणि मी पिंपातून जग भरून देत होतो. सुरुवातीची बंदूक लांबून ऐकू आली तेव्हा आत्याचा हात खुर्चीच्या दांडीवर आवळला. शर्यत तिच्याशिवाय सुरू झाली होती. आभाळ वगैरे काही कोसळलं नाही.

मग धावणारे आले. एक तरुण पेला उचलत ओरडला, "तुमच्यासाठी!"

"आमच्यासाठी कशाला, बाबा? पाणी पी. आणि पेला टोपलीत टाक," आत्या म्हणाली.

प्राचार्यबाईंनी तिच्याकडे तिरपं पाहिलं.

मधल्या गर्दीत पेले संपत आले. भरलेला जग टेबलाच्या पलीकडच्या टोकाला. काका वाकून पिंपाचा नळ सोडवत होते, मी रस्त्यात पडलेले पेले वेचत होते. आत्या उठली, पलीकडे गेली, जग उचलला, परत आली आणि पेले भरू लागली. काठी खुर्चीला तशीच टेकलेली. मी बघितलं. प्राचार्यबाईंनीही बघितलं.

"सांडतंय," त्या म्हणाल्या.

"दिसतंय मला," आत्या म्हणाली आणि जग सरळ केला. मग तिची नजर काठीवर गेली. एकदा काठीकडे, एकदा स्वतःच्या पायांकडे. मान वर करून तिने कुणाकडेही पाहिलं नाही. पुढचा पेला भरला.

तेवढ्यात एक धावणारी मुलगी टेबलापाशी आली. डोक्याला पट्टा, पायांत नवे बूट. तिने हे सगळं पाहिलं असावं. पाणी घ्यायचं सोडून ती जागच्या जागी उड्या मारत, कडाडून टाळ्या वाजवत ओरडली, "वा, आजी! काठीशिवाय! थांबायचं नाही, आजी! हरायचं नाही!"

आणि गेली.

आत्या जग हातात धरून तशीच उभी. कानांच्या पाळ्यांपर्यंत लाल झालेली. काकांनी शहाणपणाने डोकं पिंपामागे घेतलं.

"आजी?" आत्या शेवटी म्हणाली. मग प्राचार्यबाईंकडे वळली. "अहो बाई, तो दारावरचा बोर्ड इथे आणायला नको होता का?"