सतरा नंबरचा शिक्का

माझ्या नणंदेच्या डोळ्यांना मी लग्नाच्या पहिल्या आठवड्यात घाबरले आणि पुढे कितीतरी वर्षं घाबरतच राहिले. धुतलेल्या कपाच्या कडेला राहिलेला साबणाचा डाग तिला दारातून दिसायचा. बोलायची काही नाही. कप उचलायची, पुन्हा धुवायची आणि जागेवर ठेवायची. त्यापेक्षा चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. मीही चार सुनावले असते, मी काही तोंडाने कमी नाही.

मी तिला वन्सं म्हणते. तिचा संसार दोन वर्षांत आटोपला. नवरा गेला, सासरच्यांनी दार लावून घेतलं आणि ती धाकट्या भावाकडे राहायला आली. हा धाकटा भाऊ म्हणजे आमचे हे. मी या घरात आले तेव्हा ती इंजेक्शनच्या बाटल्या बनवणाऱ्या कारखान्यात लागून वर्ष झालं होतं, तपासणी खात्यात. काम असं की खुर्चीत बसायचं, समोर उजेडाची खिडकी, अर्धी पांढरी आणि अर्धी काळी, आणि तिच्यापुढून पट्ट्यावर बाटल्या सरकत जाणार. पांढऱ्यावर काळा कण दिसतो, काळ्यावर केसाएवढा तडा चमकतो. खराब बाटली उचलून लाल डब्यात टाकायची. खोकं भरलं की त्यावर आपला शिक्का. वन्संचा नंबर सतरा. त्या खात्यात बायकांना नावं नव्हतीच. घरी येऊनसुद्धा ती सांगायची, आज बावीसच्या मुलीचं जमलं, नऊची सासू जिन्यात पडली. मीही न भेटता त्या सगळ्यांना नंबरानेच ओळखायला लागले.

दर सहा महिन्यांनी परीक्षा व्हायची. तीस बाटल्या, त्यात सात खराब मिसळलेल्या, त्या शोधून काढायच्या. बावीस वर्षांत चव्वेचाळीस परीक्षा झाल्या आणि वन्संच्या नजरेतून एकही बाटली सुटली नाही. बाई मुळात अबोल, पण परीक्षेच्या दिवशी घरी आली की दोन घास जास्त जेवायची. त्यावरून आम्हाला निकाल कळायचा.

आता त्या खात्याची एक रीत सांगते, सगळं रामायण तिथूनच झालं. नियम असा होता की दर दोन तासांनी दहा मिनिटं पट्टा थांबवायचा आणि डोळ्यांना विसावा द्यायचा, जेवणाला अर्धा तास. पण पट्टा थांबवला तर माल कमी निघतो, म्हणून तो कधीच थांबत नसे. मग बायका आलटूनपालटून उठायच्या. सतरा उठली की अठराने दोन्ही पट्टे बघायचे, आणि मधेच सतराचं खोकं भरलं तर त्यावर सतराचाच शिक्का मारायचा. उठणारी आपला शिक्का शेजारणीच्या हातात देऊन जायची. सुपरवायझर समोर उभा असायचा, त्याला हे तोंडपाठ होतं. कागदावर मात्र लिहिलेलं होतं, शिक्का दुसरीच्या हाती दिला तर दोघीही त्याच दिवशी घरी.

आणि एक दिवस माल परत आला. एका दवाखान्यात औषध भरताना नर्सला बाटलीच्या तळाशी काचेची कपची दिसली. कुणाच्या अंगात गेली नाही, एवढं नशीब. खोक्यावर शिक्का सतराचा, आणि मशीनने छापलेली वेळ एक चाळीस. वन्संची जेवणाची सुट्टी दीड ते दोन. खोकं भरायला पाचच मिनिटं लागतात, म्हणजे बाटली सोडली अठराने, शिक्का मारला अठराने, आणि आमची बाई तेव्हा जेवणघरात डबा खात बसली होती.

एवढं सरळ सांगून टाकायचं की नाही? कंपनीच्या चौकशीत टेबलापलीकडे तीन माणसं बसलेली, त्यांनी विचारलं, शिक्का कधी दुसरीच्या हातात जातो का. वन्संनी विचार केला की हो म्हणावं तर खात्यातल्या चोवीसजणी अडकतात, पहिली अठरा. अठराचा नवरा पाठीचा मणका मोडून अंथरुणावर पडलेला. आपली बावीस वर्षांची नोकरी, स्वच्छ पाटी, फार तर ताकीद मिळेल. तिने लिहून दिलं की माझा शिक्का नेहमी माझ्याच ताब्यात असतो, आणि खाली सही ठोकली. तिसऱ्या दिवशी फाटकावरच पत्र हातात पडलं. गंभीर निष्काळजीपणाबद्दल कामावरून कमी करण्यात येत आहे. आत ठेवलेला डबा आणि स्वेटरसुद्धा पहारेकऱ्याने आणून दिला.

मी त्या दिवशी घर डोक्यावर घेतलं. आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा कसा पाडून घ्यावा ते या बाईकडून शिकावं, असं तिच्या तोंडावर म्हणाले. त्या अठराला तर मी काय काय म्हणाले ते इथे लिहिण्यासारखं नाही. वन्सं पत्र वाचत राहिली. मग तिने एका शब्दावर बोट ठेवलं.

"बाकी सगळं राहू दे, वहिनी. हा शब्द मला काढून हवा. निष्काळजी मी नव्हते."

कोर्टाची पायरी शहाण्याने चढू नये म्हणतात. आम्ही चढलो. कामगार कोर्ट दुसऱ्या मजल्यावर होतं. लांबलचक बाक, एक पाय हलणारा, भिंतीला डोक्यांच्या तेलाचे डाग, आणि खिडकीशी पंखा जो फक्त कारकुनाला वारा घालायचा. वन्सं दर तारखेला कामावर जाताना नेसायची तीच करडी साडी नेसून जायची. मी सोबत असायचे. दिवसभर बसायचं आणि संध्याकाळी पुढची तारीख घेऊन यायचं. आमची वकीलबाई हुशार, पण दर वेळी कंपनीचा वकील ती सही काढून दाखवायचा आणि म्हणायचा, शिक्का हिच्याच ताब्यात होता, हिनेच लिहून दिलंय. वकीलबाई वन्संना म्हणायच्या, शिक्का कोणी मारला त्या बाईचं नाव सांगा, दोन तारखांत मोकळ्या व्हाल. वन्सं मान खाली घालून बसायची. मग वकीलबाईंनी दुसरा रस्ता धरला. कंपनीकडून जेवणाच्या सुट्टीची नोंदवही मागवायची. ती वही यायलाच दोन वर्षं लागली.

वकीलबाईंनी आणखी एक गोष्ट बजावली होती. केस चालू आहे तोवर डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊ नका. नुसता चष्म्याचा नंबर वाढलेला निघाला तरी तो कागद कंपनीच्या हाती लागेल, आणि ते म्हणतील, बघा, हिची नजर आधीपासूनच अधू होती. हे मला इतकं पटलं की मी घरातला पहारेकरीच झाले.

तिसऱ्या वर्षी आमच्या ह्यांच्या दाताखाली खडा आला. आमच्या घरात तांदूळ वन्संनी निवडायचे, ही वहिवाट. इतक्या वर्षांत खडा ही चीज आम्हाला ठाऊक नव्हती. हे ताट सारून वन्संकडे बघायला लागले, आणि मी पटकन म्हणाले की आज तांदूळ मी निवडले. आठ दिवसांनी पुन्हा खडा. तेव्हापासून ती निवडून उठली की मी सूप आत नेऊन गुपचूप दुसऱ्यांदा निवडायला लागले. खडे सगळे सुपाच्या कडेला राहिलेले असायचे. मधले तांदूळ स्वच्छ.

मग ती दाराच्या चौकटीला खांदा आपटायला लागली. बाजूला ठेवलेला पेला हाताने उडवायला लागली. एकदा रस्त्यात डावीकडून आलेली सायकल तिला दिसलीच नाही, मी दंड धरून मागे ओढलं. त्या रात्री ती म्हणाली, "वहिनी, एकदा डोळे दाखवून येऊ का?"

मी म्हणाले, "वन्सं, निकाल लागू दे. मग दाखवू."

हे मीच म्हणाले. वकीलबाई तेव्हा समोर नव्हत्या, हे बाहेर गेलेले. घरात आम्ही दोघीच होतो. त्यानंतर तिने पुन्हा विचारलं नाही.

पाचव्या वर्षी अठराची साक्ष निघाली. कंपनीनेच तिला आणली होती, शिक्क्यांची अदलाबदल होत नाही असं सांगायला. मी तिला पहिल्यांदा पाहिलं. माझ्या डोक्यात ती एक टवळी होती. प्रत्यक्षात निघाली हाडांची काडी, पदराने सारखा मान पुसणारी. पिंजऱ्यात चढताना तिने वन्संकडे पाहिलं नाही. कंपनीच्या वकिलाला तिने पढवल्याप्रमाणे सगळं सांगितलं. मग आमच्या वकीलबाई उठल्या.

"सतरा नंबर जेवायला गेली की पट्टा थांबतो?"

"नाही."

"मग त्या अर्ध्या तासात तिच्या बाटल्या कोण बघतं?"

न्यायाधीश साहेबांनी मान वर केली. कंपनीचा वकील उठायला लागला, त्यांनी हाताने बसवला. अठरा आता वन्संकडे बघत होती.

"आम्हीच बघतो," ती म्हणाली. "शेजारचीने बघायच्या असतात."

वकीलबाईंनी शिक्क्याचं विचारलंच नाही. वन्संची तशी अट होती. पण नोंदवहीत दीड ते दोन सतरा नंबर सुट्टीवर, खोक्यावर एक चाळीस, आणि पट्टा चालू. साहेब काही दूधखुळे नव्हते. चार महिन्यांनी निकाल आला. बडतर्फी बेकायदा, निष्काळजीपणाचा आरोप सिद्ध होत नाही, कामावर परत घ्या. वन्संनी तो कागद डोळ्यांपाशी नेला, मग लांब धरला, मग माझ्या हातात दिला आणि म्हणाली, तो शब्द कुठे आहे तेवढं वाच. मी वाचलं. तिने तीनदा वाचून घेतलं. आमच्या ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी मात्र मनातल्या मनात कामावर जायची तारीख मोजत होते.

पहिल्या दिवशी ती करडी साडी नेसून गेली. दुपारी एकच्या सुमारास दार वाजलं. दारात वन्सं, हातात न उघडलेला डबा. मी तोफ सुरू केली, की हरामखोरांनी पहिल्याच दिवशी बाहेर काढलं ना, आता बघतेच, आत्ताच्या आत्ता वकीलबाईंकडे जाऊ. तिने मला पुरतं ओरडू दिलं आणि मग खाली बसली.

"कुणी काढलं नाही. मीच उठले."

तीस बाटल्यांची परीक्षा घेतली होती. सातांपैकी तिला दोन सापडल्या. नवीन सुपरवायझरीण पोरसवदा, कोर्टाला घाबरलेली. तिने निकालाच्या रकान्यात सात लिहिलं आणि शिक्का पुढे केला. म्हणाली, मावशी, होईल हळूहळू सवय, बसा. वन्संनी शिक्का हातात घेऊन बघितला. रबर नवीन होतं, पण नंबर सतराच. मग तो टेबलावर ठेवला.

"त्या बाटल्या कुणाच्या तरी अंगात जातात गं," ती मला म्हणाली. "मला दिसत नाही आणि मी शिक्का मारला, तर पत्रातला तो शब्द खरा होतो की."

दुसऱ्या दिवशी मी तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. वरातीमागून घोडं. डॉक्टरांनी तिची हनुवटी यंत्रावर टेकवली, दिवे दाखवले, बटण दाबायला सांगितलं. शेवटी म्हणाले, काचबिंदू आहे, डोळ्यांतला दाब वाढून कडेची नजर गेली आहे, आता मधली जायला लागली आहे. थेंबांनी पुढचं थोडं थोपवता येईल, गेलेलं परत येत नाही. दोन-तीन वर्षांपूर्वी आला असतात तर बरंच वाचलं असतं. मग त्यांनी पेन उघडलं आणि विचारलं की त्रास कधीपासून आहे, घरात कुणाच्या लक्षात आलं नाही का.

मला सायकल आठवली, सुपाच्या कडेचे खडे आठवले. मी तोंड उघडणार होते. खरंच उघडणार होते.

"आत्ताच लक्षात आलं," वन्सं म्हणाली. "मी कुणाला बोललेच नाही. घरात कुणालाच माहीत नव्हतं."

डॉक्टरांनी तसंच लिहून घेतलं. बाहेर आल्यावर मी तिचा हात धरला, जिन्याची कड तिला दिसत नव्हती. तीन पायऱ्या उतरल्यावर ती सहज म्हणाली की आजपासून तांदूळ तूच निवड, एकदाच निवडलेस तरी पुरे.

अठरा नंबरला मी पाच वर्षं शिव्या घातल्या. आता घालत नाही.